जर्मनचं पातेलं

मी जर्मनीच्या बाजूचा आहे. म्हणजे फुटबॉलात. एरवी माझी आणि जर्मनीची ओळख शाळेच्या मार्कलिस्टापुरतीच आहे. पुण्यात आमच्या शाळेत आठवीला 'संस्कृत घेणार की जर्मन?' असा प्रश्न मुलांना विचारीत आणि उत्तर पालक देत. आमच्या वडिलांचं म्हणणं असं की, संस्कृत घरात आजोबांना येतंच आहे; एका घरात एकच गोष्ट दोनदा कशाला? (वर्तमानपत्राच्या बाबतीतही त्यांचं हेच धोरण होतं.) तेव्हा मी जर्मन शिकलो. डेअर, डी, दास. त्यातला 'दास' तेवढा आपल्यातला वाटे. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी असते, हे कळल्यावर वर्गातल्या मुलींचं त्या भाषेवरून मनच उडालं. मी मात्र नेटानं तीन वर्षं काढली आणि दहावीचा पेपर देऊन बाहेर पडलो तो सगळं जर्मन वर्गातच ठेवून.

पुढं बँकेत लागलो आणि १९९० सालच्या जून महिन्यात बदली होऊन कोल्हापुरात आलो. बदली तीन वर्षांची होती. तांबड्या रश्श्यानं ती कायमची केली. पेठेत एका चौसोपी घराच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पेठेचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर दुसऱ्या पेठेतले वाचक इथंच पान उलटतील.

सामान लावून होतंय न होतंय तोच शेजारचे अण्णा आले. धोतर, गुडघ्यावर जुन्या जखमेचा वण, आणि मिशा अशा की त्यांच्याकडं पाहून आपणच आपली ओळख आधी करून द्यावी. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "पावणं, कुणाचं?"

मला वाटलं, घराणं विचारताहेत. मी आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, सगळं सांगितलं.

"त्ये न्हवं ओ. ब्राझील का अर्जेंटिना?"

विश्वचषक चालू होता. आता मी पडलो पुणेकर. समोरच्यानं दोन पर्याय दिले की तिसरा निवडायचा, ही आमची जुनी खोड. मी म्हटलं, "जर्मनी."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मागं वळून घरात हाक दिली, "आवो, हिकडं या. जर्मनचं पातेलं आलंय."

तेव्हापासून गल्लीत माझं नाव तेच आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडं 'जर्मन' का म्हणतात याचा मी बराच शोध केला, पण तोवर नाव पक्कं झालेलं होतं. भाजीवाली मावशीसुद्धा हिला विचारते, "पातेलं न्हाईत व्हय घरात?"

कोल्हापुरात कुणाच्याच बाजूचं नसणं हा पर्यायच नाही. इथं माणसाला नाव असतं, आडनाव असतं आणि तालीम असते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान दिलं. पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या. आणि पुढं त्याच तालमींनी लाल मातीतून उठून फुटबॉलच्या मागं धावायला सुरुवात केली. त्यामुळं इथल्या संघांची नावं 'युनायटेड' आणि 'रोव्हर्स' अशी नसतात. सरळ अमुक तालीम विरुद्ध तमुक तालीम. शाहू स्टेडियमवर सामना असला की भर उन्हात पायऱ्यांवर हजारो माणसं बसतात. क्रिकेटला माणसं 'काय चाललंय?' असं विचारायला येतात. इथं सांगायला येतात. खेळाडूनं चेंडू कुणाला द्यावा, पंचांनी डोळे कुठं तपासून घ्यावेत, समोरच्या संघाच्या कोचनं दुसरा कोणता धंदा करावा, हे सगळं पायऱ्यांवरून वेळच्या वेळी कळवण्यात येतं. आणि चार वर्षांनी विश्वचषक आला की याच पेठांमध्ये फाळणी होते. आमची गल्ली ब्राझीलची. पलीकडची गल्ली अर्जेंटिनाची. मधल्या चौकात दोन्हींचे दोन मजली कटाऔट. वीज मंडळाच्या तारांना हात न लावता पिवळ्या-हिरव्या पताका कशा बांधाव्यात यात आमच्या पोरांचा हात कुणी धरणार नाही. आणि या सगळ्यात जर्मनीचं म्हणजे गावात एखाद्या जातीचं एकच घर असावं, तसं एक घर. आमचं.

१९९० ला ते खपून गेलं. कारण त्या साली अर्जेंटिनानं ब्राझीलला आधीच घरी धाडलं होतं आणि ८ जुलैला रोममध्ये अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीनं त्याच अर्जेंटिनाला शेवटी-शेवटी एका पेनल्टीवर हरवलं. अण्णांना परस्पर सूड मिळाला. त्यांनी त्या रात्री मला पहिल्यांदा घरात बोलावून चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे रंकाळ्यावर बरोबर फिरायला जाऊ लागलो. ते आजतागायत, मधले पाच दिवस सोडून. त्या पाच दिवसांचीच ही हकिगत आहे.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते आणि तरुणपणी तालमीच्या संघात हाफबॅक. गुडघ्यावरचा वण त्याच काळातला. ब्राझीलवर त्यांची भक्ती पेलेपासून. १९७७ साली पेले कलकत्त्याला मोहन बागानशी खेळायला आला तेव्हा अण्णांनी रजेचा अर्ज टाकला होता. कारण खरंच लिहिलं होतं : 'पेले बघणे.' रजा नामंजूर झाली. ज्या साहेबांनी ती नामंजूर केली त्यांच्याबद्दल अण्णा अजून जे बोलतात ते इथं छापता येणार नाही. १९८६ ला ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टी शूटऔटमध्ये हरलं त्या दिवशी अण्णा जेवले नव्हते, असं वहिनी सांगतात. उलट २००२ ला योकोहामात ब्राझीलनं जर्मनीला दोन-शून्यनं हरवलं तेव्हा अण्णांनी काय करावं? घरातलं सगळ्यांत मोठं जर्मनचं पातेलं काढलं, पळीनं वाजवत गल्लीतून मिरवणूक काढली आणि ती आमच्या दारात आणून अर्धा तास थांबवली. पोरं नाचत होती. मी दारात हसत उभा होतो. म्हणजे तोंड हसण्याच्या आकाराचं करून उभा होतो. मनात मी एक वही उघडली होती.

ती वही पुढं खरोखरच उघडली. बँकेची जुनी डायरी. ब्राझील आणि जर्मनी पुन्हा समोरासमोर येतील तेव्हा अण्णांना काय काय बोलायचं, ते मी त्यात सुचेल तसं टिपून ठेवू लागलो. बारा वर्षं. वाचकहो, एक तपश्चर्याच झाली ती. काही टोमणे तर असे जमले होते की, रात्री एकट्यालाच आठवून हसू येई आणि ही विचारी, "पोटात दुखतंय का?"

२०१४ साली योग आला. विश्वचषक खुद्द ब्राझीलमध्ये. सुरुवातीला जर्मनीनं पोर्तुगालला चार गोल घातले तेव्हा मी रंकाळ्यावर जरा ताठ चाललो. मग घानाशी बरोबरी झाली, अल्जीरियासारख्या संघाला हरवायला जादा वेळ लागला. अण्णा म्हणाले, "पातेल्याला पोचा आला." मी म्हटलं, "पोचा आला तरी गळत नाही." (डायरी, पान ७.) तेव्हा त्यांनी ठेवणीतलं बाहेर काढलं, "छत्तीस साली बर्लिनला जाऊन आठ-एक हाणलंय आमी जर्मनीला. ध्यानचंदनं."

"अहो, ते हॉकीत!"

"खेळ कुठला का असंना. देश त्योच न्हवं?"

यावर उत्तर डायरीत नव्हतं.

उपांत्य फेरीत गाठ पडली. पैज लागली. जर्मनी हरली तर मी पिवळा जर्सी घालून गल्लीभर पातेलं वाजवत फिरायचं. ब्राझील हरलं तर अण्णांच्या घरी रविवारी तांबडा-पांढरा, आणि वाढायचं अण्णांनी स्वतः. तसा अण्णांचा जीव थोडा खाली-वर होताच. कोलंबियाशी झालेल्या सामन्यात नेमारच्या पाठीचा मणका मोडला होता, कप्तान थियागो सिल्व्हाला पिवळ्या कार्डांपायी बसवलेलं होतं. नेमार पडल्यापासून अण्णाही कमरेला हात लावून चालत होते. पण ब्राझील आपल्या घरी १९७५ नंतर एकही अधिकृत सामना हरलेलं नव्हतं. ते अण्णा दिवसातून तीनदा सांगत, पथ्याच्या गोळ्या घेतल्यासारखं.

८ जुलैची रात्र. आपल्याकडं दीड वाजता सामना. तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावलेला. साठ-सत्तर माणसं, सगळी पिवळी. मी पांढरा बुशशर्ट घालून गेलो होतो. तो जर्मनीचा म्हणून की रोजचा, हे गरज पडल्यास नंतर ठरवता आलं असतं. डायरी खिशात. अण्णा पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. पडद्यावर राष्ट्रगीताला ब्राझीलच्या दोघा खेळाडूंनी नेमारचा शर्ट हातात धरला, तेव्हा अण्णांनी मफलरनं डोळे पुसले.

अकराव्या मिनिटाला म्युलरनं गोल केला. मी उठून टाळी वाजवली. "बसा ओ पातेलं," असं चार-दोघं ओरडले. म्हणजे सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. मी डायरीचं पान १२ मनातल्या मनात उजळलं.

तेविसाव्या मिनिटाला क्लोजनं दुसरा घातला. विश्वचषकातला त्याचा सोळावा गोल; रोनाल्डोचा विक्रम मोडला, आणि तोही ब्राझीलमध्ये. मी पुन्हा उठलो. तोंड उघडलं. त्याच वेळी चहा आला. पोऱ्यानं कप माझ्या हातात दिला आणि तेवढ्यात क्रूसनं तिसरा घातला. मी चहाचा घोट घेतला, चौथा झाला. कप खाली ठेवला, पाचवा. तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटात चार गोल. सहा मिनिटं! आमच्याकडं गॅस पेटवून चहाला आधण येईपर्यंत सहा मिनिटं लागतात. एक पोरगा मध्येच बाहेर जाऊन आला होता. तो पडद्याकडं बघत म्हणाला, "किती वेळा दाखवत्यात रं एकच गोल?" कुणी त्याला उत्तर दिलं नाही. त्याचं त्यालाच कळलं. तो हळूच भिंतीला टेकून बसला.

मी अजून उभाच होतो. तोंडही उघडं होतं. लक्षात आलं की, सगळा हॉल माझ्याकडं बघतोय. रागानं नाही, एखाद्या घरात काही वाईट घडल्यावर तिथं हजर असलेल्या परक्या माणसाकडं बघावं तसं. जणू ते पाचही गोल मीच घातले होते आणि आता निदान मी तरी थांबावं. मी बसलो. खिशातली डायरी मांडीला टोचत होती.

मध्यंतराला पाच-शून्य. कुणी उठलं नाही. अण्णा कितीतरी वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय ओ, जर्मन भाषेत 'पुरे' कसं म्हणत्यात?"

तीन वर्षं शिकलो होतो हो मी. आयुष्यात पहिल्यांदा, आणि कदाचित शेवटचं, कुणीतरी मला जर्मनमधला एक शब्द विचारत होतं. आणि मला तो आठवेना! टेबल आठवलं, खिडकी आठवली, 'माझे काका म्युनिकला राहतात' हे अख्खं वाक्य आठवलं. 'पुरे' आठवेना. मी म्हटलं, "असेल काहीतरी." अण्णांनी मान हलवली. जणू एवढा मोठा देश, पण त्यांच्याकडं तो शब्दच नसणार, हे त्यांना ठाऊकच होतं.

वास्तविक त्या वेळी जर्मनीचे खेळाडूही तेच म्हणत होते. आता समोरच्याची टवाळी करायची नाही, चेंडूशी चाळे करून त्यांना हिणवायचं नाही, मुकाट्यानं आपला खेळ खेळायचा, असं त्यांनी मध्यंतरात आपसांत ठरवलं, असं पुढं हुमेल्सनं सांगितलं. पण नीट खेळायचं म्हटलं की जर्मनांना गोल होतातच, त्याला ते काय करणार? उत्तरार्धात शुर्लेनं आणखी दोन घातले. सात-शून्य. बेलो होरिझोन्तेच्या त्या स्टेडियममध्ये ब्राझीलचेच लोक जर्मनांच्या प्रत्येक पासला 'ओले' म्हणून ओरडू लागले. आपल्याच लग्नात दुसऱ्याची वरात निघाल्यावर माणूस पिपाणी वाजवायला लागतो, तसं.

आणि मी? मी काय करत होतो ते आता कबूल करतो. मी महालक्ष्मीला हात जोडले होते. अंबाबाई, एक तरी होऊ दे यांचा! ज्या पक्षाच्या हरण्याची मी बारा वर्षं वाट पाहिली, त्याच्या एका गोलासाठी मी पहाटे तीन वाजता नवस बोलत होतो. अंबाबाईनं ऐकलं. नव्वदाव्या मिनिटाला ऑस्करनं गोल केला. हॉलमध्ये कुणी बोटसुद्धा हलवलं नाही. आणि मी, ज्याला त्या रात्री स्वतःच्या संघाच्या शेवटच्या पाच गोलांना टाळी वाजवता आली नव्हती, तो ताडकन उठून टाळ्या पिटू लागलो. जोरजोरात. एकटाच.

अण्णा उठले. मफलर झटकला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि हॉलच्या बाहेर पडले.

घरी आलो. हिनं झोपेतच विचारलं, "कोण जिंकलं?"

"आपण."

"किती?"

"सात-एक."

"मग सुतक असल्यासारखं तोंड का?"

मी डायरी उघडून बसलो. एकूण एक टोमणा एक-शून्यसाठी लिहिलेला. फार तर दोन-एकसाठी. सात-एकला चालेल असा एकही नव्हता. असणार कसा? घसरून पडलेल्या माणसाला हसता येतं; विहिरीत पडलेल्याला हसता येत नाही. पहाटे चारला एकदम शब्द आठवला. गेनूग. 'पुरे' म्हणजे गेनूग. आता त्याचा काय उपयोग?

सकाळी सहाला रंकाळ्याला जायला म्हणून खाली उतरलो तर अण्णांचं दार बंद. आणि आमच्या दारात हलगी! पलीकडच्या गल्लीतली अर्जेंटिनाची पोरं गुलाल घेऊन आली होती. "पातेलं काका की जय!" ब्राझीलची जिरली म्हणून त्यांना मी हवा होतो. चोवीस वर्षं त्या गल्लीनं मला ढुंकून विचारलं नव्हतं. त्यांनी मला खांद्यावर उचललं, तेव्हा अण्णांच्या माडीची खिडकी लागताना मी पाहिली. गुलाल माखलेल्या तोंडानं मी बँकेत गेलो आणि दिवसभर लोकांनी अभिनंदन केलं की मी 'हो हो' म्हणून पासबुक भरून देत होतो. (पुढच्याच रात्री अर्जेंटिनानं हॉलंडला पेनल्टींवर हरवलं आणि अंतिम सामन्यात गाठ जर्मनीशी पडली. गुरुवारी सकाळी त्याच पोरांनी मला ओळख दिली नाही. गुलाल मात्र कानात तसाच होता.)

वहिनींनी हिला सांगितलं, अण्णा जेवत नाहीत. उपास आहे म्हणतात. आषाढीचाच आठवडा होता. एकादशी स्मार्तांची एक आणि भागवतांची एक असते हे मला माहीत होतं. अण्णांनी ब्राझीलची तिसरी काढली होती.

मी रंकाळ्यावर एकटाच जात होतो. रात्री झोप येईना म्हणून चिरंजीवांच्या संगणकावर, माणसं भरमसाट जिंकल्यावर काय करतात, ते शोधत बसलो. २००१ साली ऑस्ट्रेलियानं अमेरिकन सामोआला एकतीस-शून्यनं हरवलं. एकट्या आर्ची थॉम्प्सनचे तेरा गोल. मोजणाऱ्याचीसुद्धा तारांबळ होऊन फलकावर आधी बत्तीस लागले होते. आणि सामना संपल्यावर तक्रार कुणी केली? ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षकानं! असले सामने आम्हाला खेळायला लावू नका म्हणून. जिंकणाऱ्यानं जिंकल्याबद्दल कुरकुर केलेली वाचून मला जरा बरं वाटलं. म्हणजे दुखणं आपल्या एकट्याचं नाही.

एका फोटोवर मात्र मी थांबलो. तो त्या दिवसांत जगभर छापून आला. पांढऱ्या मिशांचा, टोपी घातलेला ब्राझीलचा म्हातारा प्रेक्षक, डोळ्यांत पाणी, छातीशी विश्वचषकाची नकली प्रतिकृती कवटाळून उभा. क्लोविस फर्नांडिस त्याचं नाव. वर्षानुवर्षं तो कप घेऊन आपल्या संघामागं देशोदेशी हिंडलेला. सामना संपल्यावर या माणसानं तो कप जर्मनीच्या एका तरुण मुलीच्या हातात दिला. अंतिम सामन्याला घेऊन जा म्हणाला, तुम्ही त्याला पात्र आहात. मी तो फोटो कापला आणि अण्णांच्या नातवाबरोबर वर पाठवला. पाच मिनिटांत नातू फोटो घेऊन परत.

"आजोबा म्हणत्यात, ह्यो माणूस मोठा हाय. पण त्येच्या शेजारी बसून कोण टाळ्या पिटत न्हवतं."

शनिवारी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात हॉलंडनं ब्राझीलला आणखी तीन घातले. गल्लीत कुणी टीव्हीच लावला नव्हता.

रविवारी रात्री साडेबाराला अंतिम सामना. मी ठरवलं होतं, बघायचा नाही. दिवा मालवून पडलो. सव्वाबाराला दारावर धाडधाड. उघडतो तर अण्णा. अंगावर मफलर, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात पळी.

"झोपलाय काय ओ? उठा! त्या गल्लीला जिंकू द्यायचं न्हाई."

मी बघतच राहिलो. तिकडं खुद्द ब्राझीलमध्येही कितीतरी लोक त्या रात्री, अर्जेंटिना नको म्हणून, जर्मनीच्या बाजूला गेले होते. म्हणजे अण्णा करत होते ते शास्त्राला धरूनच होतं. ते आत येऊन खुर्चीत बसले. मी टीव्ही लावला. ही चहा टाकायला उठली. बराच वेळ दोघंही पडद्याकडं बघत होतो. शेवटी मीच म्हटलं,

"अण्णा, त्या टाळ्या. मी चिडवत नव्हतो. खरंच मनापासून वाजवल्या होत्या."

"म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाले. "म्हणून तर राग आला. चिडवलं असतं तर सोसलं असतं ओ. तुमच्या दारात पातेलं वाजवलंय मी, माझ्या दारात तुमी वाजवायचं. त्यात काय? तुमी कीव केली."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या डायरीत काय लिवलंय म्हणं एवढं? वहिनींनी सांगितलं आमच्या हिला."

मी डायरी आणून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि गोलशून्य पूर्वार्धभर ते ती वाचत होते. मधूनच खो खो हसत. पान १२ वर त्यांना ठसका लागला. "ह्ये भारी हाय. ह्ये बोलायला पायजे हुतं तुमी!" पान ३१ त्यांना पटलं नाही, म्हणाले, यात पेलेला मध्ये आणलंय, ते काढा. मी काढलं.

सामना जादा वेळात गेला. एकशेतेराव्या मिनिटाला ग्योत्सेनं चेंडू छातीवर घेतला आणि पडता पडता गोलात टाकला. एक-शून्य! मी किती ओरडलो मला ठाऊक नाही. ही स्वयंपाकघरातून धावत आली. अण्णा पातेलं घेऊन गॅलरीत गेले आणि पलीकडच्या गल्लीच्या दिशेनं पळीनं बडवू लागले. पहाटेचे तीन वाजून गेले होते. सगळ्या गल्लीचे दिवे लागले. कुठूनतरी कुणीतरी शिवी हासडली. ती कोणत्या देशाची होती कळलं नाही. सात गोलांच्या रात्री जे आलं नव्हतं ते सगळं त्या एका गोलाला आलं. सहाला आम्ही झोपेविनाच रंकाळ्यावर गेलो.

श्रावण लागायला आठवडा होता. पुढच्या रविवारी अण्णांनी पैज चुकती केली. पाटावर मी, समोर वाटी, आणि अण्णा धोतर खोचून स्वतः वाढायला. तांबडा रस्सा त्याच पातेल्यात. एक पळी झाली, दोन झाल्या. मी हात आडवा धरला, त्यांनी तो बाजूला केला. वाटी भरली तेव्हा वहिनींनी वाडगा आणला. कपाळावर घाम, नाकात पाणी. सातव्या पळीला मी दोन्ही हात जोडले.

"अण्णा, गेनूग!"

"म्हंजे?"

"तुम्ही त्या रात्री विचारलं होतंत तो शब्द. पुरे."

"आठवला व्हय?" अण्णांनी पळी पुन्हा पातेल्यात बुडवली, तळाचा रस्सा ढवळून वर काढला आणि माझ्या वाडग्यात ओतला.

"ही आठवी ध्यानचंदची. घ्या."